बाहेर पडल्याची सही

हॅलो? … हॅलो? … हां, बोल चारू! अवं, तुलेच फोन लावणार होती मी. थांब, कुकर बंद करते … हं. अकोल्याले पाऊस हाये का? … इथं अमरावतीत तं सकाळपासून धो धो चालू हाये.

… अवं ऐक ना आधी, मंग तुहं सांग. बूट आणले मी! … हो, तेच, खालून खाचावाले. काल वलगावले गेली अन् आमच्या वावरात घालून पायले. ओल्या काळ्या मातीत दोन घंटे चालली. बूट दोन-दोन किलोचे झाले, पण घुडगा … नाई ना बाप्पा, जरासाही कुरकुरला नाई! ऑपरेशनले वर्ष झालं, डॉक्टर म्हणे, आता बिनधास्त जा. मोरकुंड तलावाचा चौदा किलोमीटरचा फेरा हसत हसत करीन मी, पाय तू.

… हो, हो, सांगशील ना. पण येत्या रविवारचं पक्कं ना? कालचा रविवार गेला तं गेला, वाट ओली होती म्हणाली तू, ठीक हाये. … मोजे तीन जोड घे. नाले तीन हायेत. ठेचा अन् कळण्याच्या भाकरी मी आणते, तिथं चूल पेटवू देत नाईत. … मले कसं माहीत म्हणजे? परवानगी काढाले एसटीनं दोनदा कोण गेलं होतं? सहा जणायचे फॉर्म, सहा आधार कार्डाच्या झेरॉक्स …

काय? … कोणाचा फोन येईन? … जंगलाच्या नाक्यावरून? माह्या फोनवर? … दहा वाजता. बरं. अन् मी काय सांगू त्यायले?

… काल मी तिथं होती, असं सांगू?

तिथं म्हणजे कुठं?

… थांब. थांब, हळू बोल. … काल तुमी गेले? तलावावर? … कोण कोण? … तू, यशोधनभाऊजी, ते तिघं तुमच्या ग्रुपवाले … अन् इशिता. तुही नणंद. पुण्याहून आली म्हणून. … पण परवानगी तं सहाचीच होती ना वं? सहावी तं मी होती.

… माह्या नावावर नेली तिले?

माही झेरॉक्स दाखवली. अन् गार्डनं तोंड पायलं नाई तिचं? … हो, खरं हाये, झेरॉक्सवर माणूस काय अन् कोळसा काय, सारखाच दिसते. … अन् सही? … सही बी केली? माही? … कशी केली वं? … रागिणी लिहून खाली रेघ. वा.

… रडून काहून राहिली? रडू नको. पूर्ण सांग मले.

… म्हणजे आत जाताना तिनं रागिणी लिहिलं, अन् बाहेर येताना थकली होती म्हणून सवयीनं इशिता लिहून मोकळी झाली. … माय वो! म्हणजे रजिस्टरात मी अजून जंगलातच हाये! … आज सकाळी जुळवलं तवा समजलं त्यायले. … चार माणसं शोधाले निघाली? मले? या पावसात? … अन् तू काहून नाई सांगितलं खरं? तुलेच फोन आला ना पहिले?

… ग्रुपची परवानगी कायमची बंद होईन. … हो, भाऊजी वकील हायेत, त्यायच्या नावाचा बोभाटा होईन. समजलं. म्हणून मी सांगाचं का मी गेली होती, घुडगा दुखला, दुसऱ्या वाटेनं बाहेर पडली अन् सही राहून गेली. … घुडगा बरा आठवला वं तुले.

एक सांग. मले काहून नाई नेलं?

… वाट ओली होती. इशितासाठी काय कोरडी होती? … माह्या घुडग्याची काळजी. … चारू, बावीस वर्षं झाली. बी.एड.च्या होस्टेलात एका ताटात जेवलो आपण. माह्याशी खरं बोल.

… भाऊजी म्हणाले. काय म्हणाले? … नाई, तसंच सांग, जसं म्हणाले तसं. … ती सोबत असली का दर नाल्यावर हात द्या लागते.

अन् तू काय म्हणली?

… हॅलो? … नाई, लाईन गेली नाई, ऐकू येऊन राहिलं मले. तू काय म्हणली त्यायले?

… काहीच नाई.

… रागिणी समजून घेईन, असं वाटलं. हो. समजूनच घेत आली मी. माह्या ऑपरेशनच्या वक्ती अकोल्याहून दोन घंट्यांचा रस्ता, तू आली नाई, तेही समजूनच घेतलं.

बरं, मंग सांग आता. काय पायलं मी तिथं? … अवं, तो माणूस विचारीन ना! खोटं बोलाचं तं नीट तरी बोलू दे. सांग. … पहिल्या नाल्यात घुडग्याइतकं पाणी. हं. … दगडावर शेवाळ. … मंग सागाचं रान. … अन् वळणावर एकदम तलाव. कसा होता? … धुकं उतरलं होतं पाण्यावर. पलीकडचा काठ दिसतच नव्हता. … बदकं? किती? … मोजली नाई? मी मोजली असती.

… पडलं कोणी? … इशिता. किती खेपा? … तीन नाल्यांत तीनदा! अन् हात कोणी दिला तिले?

… तू दिला.

… नाई, बोल, ऐकून राहिली मी. … रागावली नाई वं. वाईट वाटलं. लय वाईट वाटलं मले. तू फसवलं चारू, अन् वरून माह्याच तोंडून … थांब, दुसरा फोन येऊन राहिला. … त्यायचाच असन. … शपथ नको घालू. … नाई सांगत तुले मी काय बोलीन ते. … ठेव तू. ठेव म्हणते ना! बरं, मीच ठेवते.

हॅलो? … हो दादा, रागिणीच बोलते. … मी घरी हाये, अमरावतीत. … नाई, काल वलगावले होती, आमच्या वावरात. ते सही माही नाई. … ते सारं सांगते, पण तुमच्या माणसायले आधी माघारी बोलवा, पावसात हिंडून राहिले बिचारे. … हो, पक्कं सांगते. … नाई दादा, हरवली नाई मी. मले नेलंच नव्हतं.