रानपिंपळीचं मूळ

बानूबाई : नाक काय मुरडतीस? एका घोटात ढकल खाली. त्वांडात घोळवत बसतीस म्हून कडू लागतंय.

मालती : कडू न्हाय आत्या, जाळतंय. घशापासनं पोटापतुर नुसती आग हुतीया.

बानूबाई : हू दे. तुझ्या भल्याचंच हाय.

मालती : वैष्णवी चालाया लागली तवापासनं ह्येच ऐकतीया. आता ती शाळंत जाती.

बानूबाई : मग त्यात माझी चूक हाय का? पाजायचं काम म्या केलं. म्होरलं तुला जमंना, त्याला मी काय करू?

(सणसरच्या शिवारातली वस्ती. भोवती कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेलं रानपिंपळीचं झुडूप. बानूबाईंचा आवाज आज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत आहे. रविवारी अंथुर्ण्याला मुलगी बघायला जायचंय, मुलगा संभाजीसाठी, दुसरी बायको म्हणून. ते सुनेला सांगायचं काम घरातल्या पुरुषांनी शिताफीनं बानूबाईंच्या गळ्यात टाकलंय, आणि त्यांच्या तोंडून काही केल्या शब्द फुटत नाही. तेवढ्यात त्यांची पळसदेवची थोरली जाऊ गोजरबाई दारात येऊन उभी राहते.)

गोजरबाई : हायस का गं बाने? येष्टीतनं उतरले तवाच तुझा आवाज आला. म्हनलं, चुकायचं न्हाय आता घर.

बानूबाई : ये आक्का, बस. मालते, पाणी दे थोरल्या आत्यांस्नी.

गोजरबाई : पिऊ दे की तिचं आधी. रानपिंपळीचं मूळ व्हय गं ते? वासच सांगतोय. अन् झुडूप केवढं माजवलंयस!

बानूबाई : कोकणातनं वर येताना एक काडी आणलीवती कांबळ्यात गुंडाळून. घरात दुसरा डागदर कोण हाय? खोकल्याला फळं मधात, दाढ ठणकली का दातात धरायची, जनावर फुगलं का पाला. मेंढरं इकली, पर शेजारची म्हस फुगली का माझ्याच दारात येत्यात.

गोजरबाई : अन् मूळ सुनंला. बरं केलंस बाई. आमच्या घरी सांगून माझी जीभ झिजली. सुना ऐकत न्हाईत. एकाला धरून एक लेकरू. तुझी सून शाणी.

बानूबाई : कसली शाणी! अर्धं झुडूप हिच्या पोटात गेलं, पर काय हालंल तर शप्पत!

गोजरबाई : हालंल कसं? हालू नये म्हून तर पाजतीस न्हवं?

बानूबाई : आक्का, उन्हानं डोकं फिरलं का तुझं? नातू पायजे म्हून पाजतीया म्या!

गोजरबाई : नातू? मूळ पाजून?

बानूबाई : मग! मला न्हाय का त्येच्यानंच संभाजी झाला? सासूनं वर्सानुवर्सं पाजलं, तवा कुठं कूस फळली.

गोजरबाई : आगं बया बया! बाने, कोकणात मेंढरं घिऊन जायचो तवा आपल्यातल्या बाया हे कशाला प्यायच्या? एक लेकरू पाठीला, एक पोटात, अन् वर कोकरांची पाटी. घाट उतरायचा कसा? म्हून प्यायच्या. पुढचं लेकरू लगीच राहू नये म्हून.

मालती : थोरल्या आत्या, झाडाच्या मुळीनं असं खरंच व्हतंय?

गोजरबाई : ते देवाला ठावं, पोरी. कुणाला लागू पडायचं, कुणाला न्हाय. पर पोरं व्हावीत म्हून पिणारी बाई म्या तरी बघितली न्हाय.

बानूबाई : मग संभाजी कसा झाला? सांग की!

गोजरबाई : बहात्तरच्या दुष्काळातला न्हवं तो? मेंढरं मेली, कोकण राहिलं, आपण खडी फोडाया गेलो. त्या साली मूळ कुठनं आणलंस?

बानूबाई : त्या साली... न्हवतंच की गं.

गोजरबाई : बघ.

बानूबाई : अन् सासूनं मला का पाजलं? तिला नातू नगं व्हता?

गोजरबाई : तुझं पहिलं लेकरू घाटात गेलं. तू तापानं फणफणलेली, घोड्यावर बांधून आणली तुला. सासू म्हनली, हिला आता काय वर्सं काय नगं, न्हायतर हीच जायची. तुझ्या नवऱ्याला, तात्याबाला, दुसरी करा म्हून भावकी आली, तर काठी घिऊन दारात उभी राहिली म्हातारी.

बानूबाई : मला का न्हाय सांगितलं?

गोजरबाई : प्याली असतीस का? तू तर दुसरं पायजे म्हून ऊर बडवायचीस. मग दुष्काळात म्हातारीच गेली.

बानूबाई : अन् म्या रोज सकाळी तिला शिव्या घालत प्यायची. पर तू? तू तर जित्ती हायस! संभाजी झाल्यावर आपण परत कोकणात गेलो, म्या परत प्याले! आणि चार व्हतील म्हून प्याले!

गोजरबाई : मला वाटलं, बानूला एक बास झालं. मनात म्हणायची मी, नशीबवान हाय बाई.

बानूबाई : नशीबवान! कपाळ माझं! आयुष्यभर नशीबवान म्हून बघत बसलीस, एकदा त्वांड उघडलं न्हाईस!

मालती : तुमचं झालं असंल तर मी बोलू? ऐतवारी अंथुर्ण्याला कशाला निघालाय ते मला ठावं हाय.

बानूबाई : कुणी सांगितलं?

मालती : वैष्णवीनं. म्हनली, आई, आजी मला नवी आई दावणार हाय.

बानूबाई : म्या सांगणारच व्हते तुला.

मालती : कवा? अक्षता टाकाया बोलावताना?

गोजरबाई : बाने! दुसरी?

बानूबाई : तू गप बस आक्का, आधीच उशिरा बोललीस. चुकलं माझं, मालते. पदर पसरून सांगते, चुकलं. अंथुर्ण्याला आजच निरोप धाडते, येत न्हाय म्हून. अन् ते पिणं आजपासनं बंद. देवाच्या मनात असंल तर वर्साच्या आत पाळणा हलंल. आता का रडतीस? सुटलीस की!

मालती : मला भ्या वाटतंय.

बानूबाई : कशाचं?

मालती : वैष्णवीच्या येळचं. बारामतीच्या दवाखान्यात रगत थांबत न्हवतं. डागदरबाई बोलत व्हत्या, ही काय राहत न्हाय म्हून. मला समदं ऐकू येत व्हतं, त्वांडातनं शब्द फुटत न्हवता. परत ते नगं मला. निदान आत्ता तरी नगं.

बानूबाई : अगं मग इतक्या दिसात एकदा तरी बोलायचंस!

मालती : इचारलं कुणी? घरातली समदी माझं पोट बघत व्हती.

बानूबाई : देवा रं! एक सासू सांगायची न्हाय, एक जाऊ सांगायची न्हाय, एक सून सांगायची न्हाय. अन् मी मेली नुसती बोंबलतीया, इचारत कुणाला न्हाय. मालते, त्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई गोळ्या देत्यात म्हणं?

मालती : देत्यात. पर तपासल्याबिगर देत न्हाईत. अन् घरच्यांस्नी ठावं हाय का, म्हून इचारत्यात.

बानूबाई : सांग, सासूनंच धाडलंय. उद्या सकाळीच जा. वैष्णवीला म्या बघते.

मालती : अन् मामंजींनी इचारलं, कसल्या गोळ्या म्हून?

बानूबाई : सांग, म्हातारीचं गुडघं धरल्यात. उद्यापासनं लंगडते म्या.