फोटो माझे, गोल हिचे

समारंभाचे अध्यक्ष असलेले आमच्या वृत्तपत्राचे संपादक महोदय, माझ्याविषयी चार चांगले शब्द बोलण्याची अवघड कामगिरी नुकतीच पार पाडलेले क्रीडा संपादक, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले माजी फुटबॉल कर्णधार, छायाचित्र विभागातील माझे सहकारी, पहिल्या रांगेतील माझा मुलगा व सूनबाई, आणि चहाची वेळ टळूनही खुर्ची न सोडणारे सर्व सुजन,

निवृत्तीच्या भाषणात माणसाने कृतज्ञ असावे, थोडक्यात बोलावे आणि खरे बोलू नये, असा संकेत आहे. पहिल्या दोन गोष्टी मी पाळीन.

उद्याच्या अंतिम सामन्याचे फोटो मी काढावेत आणि मगच कॅमेरा खाली ठेवावा, असा संपादकांचा आग्रह आहे. उत्तर समारंभात देतो, असे मी म्हटले होते. क्रीडा संपादक अजून हसतमुख दिसतात ते त्यामुळेच.

कर्णधारसाहेब आत्ता म्हणाले, "यांनी जेवढे गोल जवळून पाहिले, तेवढे पंचांनीही पाहिले नसतील." साहेब, क्षमा असावी. गेल्या आठवड्यापर्यंत कामावर असताना मी एकही गोल पाहिलेला नव्हता. टिपले पुष्कळ. पाहिला एकही नाही.

कुजबुज सुरू झाली आहे, तेव्हा खुलासा करतो. आमच्या जुन्या कॅमेऱ्यात एक आरसा असे. समोरचे दृश्य त्या आरशावरून डोळ्यापर्यंत पोहोचे. बटण दाबले की आरसा टुणकन वर उडे, फिल्मला वाट करून देई, आणि नेमक्या त्या क्षणी छायाचित्रकाराच्या डोळ्यापुढे काळोख. जो क्षण फिल्मला दिसला, तो आम्हाला दिसला नाही. पुढे फिल्म गेली, डिजिटल आले, तरी आरसा राहिलाच. विभागात येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला मी विचारत असे, गोल दिसला का? दिसला असेल, तर फोटो गेला. शिवाय रोल बदलायला मान खाली घातली की गोल हटकून होई. घोडामैदान अगदी जवळ होते. पाहायची तेवढी सोय नव्हती.

मग फोटोखाली "डाव्या पायाने, बचावपटूच्या खांद्यावरून" असे तपशील कुठून येत? अध्यक्ष महोदय, हे आपल्या कानावर आजवर कोणी घातलेले नाही. ते माझ्या घरून येत. सामना दूरचित्रवाणीवर लागे, समोर माझी पत्नी बसे, आणि मी डार्करूममध्ये असताना पान लावणारे उपसंपादक तिला फोन करीत.

"वहिनी, गोल कसा झाला हो? साहेबांना विचारलं तर म्हणतात, फोटो बघा."

"त्यांना काय विचारता? त्यांनी बघितलाय कुठे! घ्या लिहून. डावीकडून चेंडू आला, त्या उंच मुलानं छातीवर घेतला..."

"नाव काय त्याचं?"

"मला काय ठाऊक? केस कापायला झालेत बघा, तो."

उपसंपादकांना तेवढे पुरत असे. फोटो माझे, गोल हिचे, असा आमचा संसार. घरी पोहोचलो की मलाही पूर्ण सामना सांगितला जाई. कप म्हणजे गोलरक्षक, डब्यांची झाकणे म्हणजे बचावफळी. "अहो, इकडे बघा. तुमच्याच पुढ्यात झालाय हा." पंचांविषयीची तिची मते या व्यासपीठावरून सांगण्याजोगी नाहीत. तिच्या सांगण्यात गोल मूळच्याहून सरस होत असावा, असा मला दाट संशय होता. पण पडताळणार कशाशी?

गेल्या वर्षी ती गेली. त्याविषयी अधिक बोलणे मला साधत नाही.

काही महिने मी मैदानावर गेलो नाही. परतलो, तेव्हा कार्यालयाने हाती नवा कॅमेरा ठेवला. याच्या पोटात आरसाच नाही. खेळाडूचा डोळा हा स्वतः शोधतो, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फोटोंची रास घालतो, आवाज करीत नाही, आणि मधे काळोखही होत नाही. "आता तुमच्या हातून एकही गोल सुटणार नाही," असे भाकीत क्रीडा संपादकांनी केले.

उपांत्य सामन्याला मी गोलपोस्टमागे बसलो. चेंडू आला, हवेत वळला, बचावपटू चकला, गोलरक्षक झेपावला, आणि मी ते सगळे पाहिले. जाळी मागे ताणली गेली, तीही पाहिली. बोट बटणावर होते ते तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी आपल्या पहिल्या पानावर वृत्तसंस्थेचा फोटो का, असे अध्यक्ष महोदयांनी विचारले होते. "तांत्रिक कारण," असे मी उत्तर दिले. कारण तांत्रिकच होते.

घरी सूनबाई म्हणाली, "बाबा, गोल कसा झाला?" हा प्रश्न आमच्या घरात मला कधी कोणी विचारलेला नव्हता. मी मिठाची बरणी पुढे ओढली आणि सांगू लागलो. बराच वेळ सांगत होतो.

"आई असत्या तर म्हणाल्या असत्या, आवरा आता, चेंडू म्हातारा झाला." मग बरणी जागेवर ठेवत ती म्हणाली, "फायनलला मला न्याल? फोटो काढायला नाही. बघायला."

तेव्हा अध्यक्ष महोदय, माझे उत्तर असे. उद्याच्या सामन्याचे फोटो मी काढणार नाही. कॅमेरा जमा केला आहे, बॅटरी भरलेली आहे. मी सूनबाईसोबत प्रेक्षकांत बसेन. हातांचे काय करावे, हे अद्याप ठरलेले नाही. बहुधा टाळ्या वाजवाव्या लागतील.

आपण सर्वांनी मला इतकी वर्षे सांभाळून घेतले, याबद्दल मी ऋणी आहे. माझ्या फोटोंत कोणाचे डोळे मिटले असतील, कोणाचे पाय कापले गेले असतील, आज बोलताना कोणाचा उल्लेख राहिला असेल, तर मोठ्या मनाने माफ करावे. आणि उद्याचा गोल कसा झाला, हे कोणाला ऐकायचे असेल तर सवड काढून घरी यावे. सांगणारे आम्ही दोघे असू, आणि आमचे एकमत होईल असे मला वाटत नाही.