ऑइल गरम होईस्तवर

मी हिर्डोशीची. तिकडं वरंध घाटाच्या अंगाला. एसटी आली तर आली, न्हाईतर डोक्यावर नाचणीचं बोचकं घेऊन चालायचं, आसं सगळं आयुष्य. लगीन होऊन हिकडं पानशेतला आले तवा वाटलं, आता चालणं सुटलं, कारण नवरा टेम्पोवाला. काय सांगू तुमाला, सुटलं कसलं! आमच्या ह्यांना दम म्हणून न्हवता. चावी मारायची, जोरात पाय द्यायचा, धुराचा लोट काढायचा आन निघायचं, मी आपली मागनं चालत. मलाबी तसंच. डोळा उघडला का चहा कुठाय, भाकरी कुठाय, आवर की लवकर. अंगाची हळद उतरली न्हाई तवर भातलावणीच्या चिखलात उभी केलेली बाई मी, पर कंबर दुखती का गं, आसं ह्या माणसानं कदी इचारलं न्हाई. मीबी समजूत घालून घेतली, जाऊ दे, सभावच हाय, मायाच न्हाई त्यांच्यात. एकदा तशी समजूत घातली का बाई जगती हो.

पर माया होती. कुणासाठी होती ते मला म्हातारपणी कळलं.

टेम्पो मोडीत गेला, मग धरणाच्या पाण्याकडल्या एका बंगल्यावर हे राखणीला लागले आन मी झाडलोटीला, सैपाकाला. साहेब पुण्याचे, शनवार-रईवारी यायचे. एकदा त्यांनी ती आणली. लालभडक गाडी, दोनच मानसं बसायची, आन एवढी खाली का पाटावर बसल्यावाणी बसायचं. साहेब म्हणाले, ही हितंच ऱ्हाईल, हिला नुसतं उभं ऱ्हायाला आवडत न्हाई, दिसाआड बाहेर काढायची, पाबे घाटाच्या पायथ्यापातूर न्यायची आन माघारी आणायची, म्होरं न्हाई. आन मग ह्यांना शिकवलं. चालू केली का लगेच पाय द्यायचा न्हाई. तिचा पयला आवाज मोठा असतो, तो खाली बसू द्यायचा. पर उगा उभी करून घुरघुरत बी ठेवायची न्हाई, हळू बाहेर काढायची आन हळूच चालवायची. इंजिनातल्या पाण्याचा काटा आधी वर येतो, त्याला भुलायचं न्हाई, ऑइल मागनं गरम व्हतं, आन ऑइल गरम होईस्तवर तिला वढायची न्हाई, जोरात पळवायची न्हाई. मला कसं म्हाईत म्हणता? आवं, जेवताना तेच, झोपताना तेच, दुसरं कानावर पडलंच काय माझ्या!

थंडीत हितं धरणावरनं धुकं येतं, हाडात शिरतं. तवर माझे गुडघे धरायला लागलेले, सकाळी भिंतीला हात लावून उठायची मी. आन हे? ज्या माणसाला मी हाका मारून मारून उठवलं, तो आता आपसूक उठायचा, गाडीपाशी जायचा आन तिच्या बॉनेटवर तळवा ठेवायचा. गार पडलीय बिचारी, म्हणायचा. बिचारी! मला आग लागायची. तो तळवा माझ्या गुडघ्यावर एक दिस ठेवला न्हाई.

एकदा तर माझी गोधडी दिसंना. माझ्या लुगड्यांची, लेकीच्या झबल्यांची, टाका टाका म्या घातलेली. बघते तर काय, हिच्या अंगावर! म्या खसकन वढली. हे वरडले, हळू, रंगाला चरा पडंल! म्या म्हणलं, माझ्या जिवाला चरं पडल्यात, ते दिसत्यात का तुमाला? तरी त्यांनी ती परत तिच्यावरच घातली. फुडं साहेबांनीच हसत सांगितलं, काका, पांघरूण नको तिला. तवा ती गोधडी माझ्याकडं आली, आन हे चार दिस माझ्यावरच फुगून बसले.

मग म्याबी हट्ट धरला, मला बसवा. माझी लेक विंझरला दिलीय, घाटाच्या पल्याड. म्हणाले, साहेबांनी पायथ्यापातूरच सांगितलंय. म्हणलं, तिथवर तर न्या. ठेवणीतलं पातळ नेसले. आन खरं सांगते, असा माणूस म्या कदी बघितला न्हवता. गतिरोधक आला का गाडी तिरपी घालून अलगद काढायचे, सायकलवालं पोरगं आमच्या म्होरं गेलं तरी ह्यांना घाई न्हाई. मला वाटलं, माझ्या गुडघ्याला हिसका बसू नये म्हणून. डोळं भरून आलं. म्हणलं, बरं वाटतंय हो, असंच हळू चालवा. तर काट्यावरची नजर न काढता म्हणतात कसे, ऑइल गार हाय अजून.

पायथ्याला गेल्यावर म्हणाले, झाली गरम, आता कशी पळंल बघ. आन माघारी वळवली. मग मात्र मी फुटले. हळदीपासनं सगळं काढलं. म्हणलं, मीबी गारच आले होते तुमच्या दारात, मला किती वढलंत, एक दिस तरी थांबलात का?

ह्या दिवाळीमागनं साहेबांनी ती विकली. मोठ्या ट्रकावर चढवून नेली. मला एवढा आनंद झाला, पर तोंड बारीक करून उभी ऱ्हायले. हे त्या ट्रकवाल्याला सांगत होते, गार असताना जोर लावू नका हो. दोन दिस जेवले न्हाईत. ह्यांची आई गेली तवाबी एवढे खचले न्हवते.

आता सकाळी त्याच टायमाला उठतात, आन करायला काय न्हाई. एक दिस चूल पेटवली, वाटीत तेल ठेवलं, बोट बुडवून बघितलं आन माझ्या पायाशी येऊन बसले. गुडघ्याला चोळत म्हणाले, लगेच उठू नको, आधी पाय हळूहळू हालव, मग उभी ऱ्हा. तवापासनं रोज चोळतात. शेजारीण म्हणती, नशीब काढलंस बाई. व्हय, काढलं. पर ते शब्द कुणासाठी शिकलेले हैत, ते मला म्हाईत हाय. ती वेळ तिची हाय, मला उरलेली मिळाली. रस्त्यानं एखादी पुण्याची गाडी गेली, का ह्यांचा हात माझ्या गुडघ्यावरच थांबतो. आवाज लांब जाईस्तवर थांबतो. मग परत चोळाया लागतात. मी आपली डोळं मिटून पडते.

वाईट कशाला चिंतू तिचं? देव तिला चांगलं घर देवो, थंडीत कुणी तिला वढू नये. पर लांब देवो बाबा, पार लांब, तिचा आवाज हिकडं येणार न्हाई एवढं लांब.