हेल्मेट काढेपर्यंत

भरमा : डिशच्या छत्रीचा काय दोष न्हाय, आक्का. माळवदावर चढून दोनदा हलवून बघितली. बाकीची समदी चॅनल काचंगत दिसत्यात. ह्ये एकच गेलंय.

राजमती : गेलंय म्हणजे कुठं गेलंय रे भरमा? गेल्या शर्यतीला हितंच लागलं होतं.

भरमा : फुकटातनं गेलं. गाड्यांच्या शर्यती आता जादा पैसं भरणाऱ्यास्नीच दाखवत्यात. पर तुम्ही कवापास्नं शर्यती बघाय लागलासा? तुमचा फोन आला तवा मला वाटलं, प्रवचनाचं चॅनल बंद पडलं.

त्रिशला : भरमाण्णा, चेष्टा नको. तीन वाजता दादाची शर्यत आहे, कोइमतूरला. अव्वानं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. शुगरची गोळीसुद्धा तशीच पडलीय.

भरमा : आँ? ते का?

त्रिशला : नियम आहे तिचा. दादा पडला होता, खांद्यात प्लेट बसवली, आठवतंय ना? तेव्हा तिनं महाराजांसमोर नियम घेतला. शर्यतीच्या दिवशी तो पायावर उभा दिसल्याशिवाय अन्नपाणी घ्यायचं नाही.

राजमती : आपल्या डोळ्यांनी दिसायला पायजे. कुणी सांगून चालत न्हाय.

भरमा : मग एवढ्या वेगात पोरगं पळतंय ते बघवतंय तुम्हास्नी?

राजमती : शर्यत कोण बघतंय बाबा? मी डोळे मिटून माळ घेऊन बसते. णमोकार म्हणत राहते. ही सांगते, अव्वा, दादा हेल्मेट काढतोय. तवा उघडते. केस घामानं कपाळाला चिकटलेले असतात. कुणाशी तरी हसत असतो. तेवढं बघते, आन् मग पानावर बसते.

भरमा : म्हणजे वरीसभर टीव्ही लावून तुम्ही एक बी शर्यत बघितली न्हाईसा!

राजमती : न्हाय बघितली. कितवा येतो तेबी हिलाच ठाव.

भरमा : आन् त्रिशलाचं आप्पा कुठं हाईत?

राजमती : बस्तीच्या देवळात. शर्यतीदिवशी तेनी घरात थांबतच न्हाईत. वखार संभाळायची सोडून मरणाशी खेळतंय पोरगं, त्यो काय बघायचा सोहळा हाय व्हय, म्हणतात. आन् दर्शनाला गेलेले दिवस मावळेपर्यंत येत न्हाईत.

भरमा : असूं दे. पैसंच पायजेत न्हवं तेस्नी? भरूया की. माझ्याच मोबाइलवरनं भरतो, पुढच्या महिन्यात आप्पांकडनं घेतो. तुम्ही काय काळजी करू नगा. ह्ये बघा, भरलं. लाव गं त्रिशला, वरचं चॅनल लाव.

त्रिशला : क्रिकेट आहे.

भरमा : त्येच्या फुडचं.

त्रिशला : फुटबॉल. पुढं कुस्ती, तीही जुनी. थांबा, खाली पट्टी फिरतेय. मोटारसायकल शर्यती थेट, फक्त आमच्या ॲपवर.

भरमा : म्हणजे चॅनल बी घ्या आन् ॲप बी घ्या? आक्का, तुमच्यासमोर तोंडात शिवी येत न्हाय म्हून, न्हायतर...

राजमती : गिळ ती. शर्यत संपेपर्यंत ह्या घरात वंगाळ बोलायचं न्हाय.

त्रिशला : पण या पॅकवर ॲप मिळतंय. मी मोबाइलवर घेतलंसुद्धा. कनेक्शन नंबर टाकला. आता ओटीपी येईल.

राजमती : किती वाजले?

त्रिशला : पावणेतीन. अव्वा, जरा टेकून बस.

राजमती : माझं असूं दे. तू तुझं बघ.

भरमा : आला काय नंबर?

त्रिशला : नाही. पुन्हा मागवला. शेवटी बेचाळीस, त्या नंबरवर पाठवलाय म्हणतंय. बेचाळीस कुणाचा?

भरमा : माझा न्हाय बा.

त्रिशला : अगं बाई. दादाचा.

भरमा : तेचा कसा?

त्रिशला : कनेक्शन त्याच्या नावावर आहे ना! गॅस त्याच्या नंबरवर, लाइटबिल त्याच्या नंबरवर, अव्वाचं बँकेचं पासबुकसुद्धा त्याच्याच नंबरवर. मी घरात बसलेय, आणि गॅस कधी येणार ते कोइमतूरला कळतं.

राजमती : घरातलं कर्तं पोरगं म्हून आप्पांनीच घातलाय सगळीकडं तेचा नंबर. तू काय, आज न्हाय उद्या दुसऱ्या घरची.

त्रिशला : तेच ते. फोन लावतेय. वाजतोय... वाजतोय... नाही उचलत.

भरमा : कसा उचलंल? त्यो गाडीवर बसला असंल, फोन पिशवीत.

त्रिशला : मग मी माझ्या नंबरवर नवीन घेते. पैसे... गेले. कापले गेले. प्रोसेसिंग म्हणतंय.

भरमा : म्हणजे?

त्रिशला : म्हणजे पैसे आपल्याकडून गेले, त्यांच्याकडं पोचले नाहीत. चोवीस तास थांबा म्हणतंय.

राजमती : चोवीस तास शर्यत थांबणार हाय व्हय त्रिशला?

भरमा : आक्का, एक सांगू? राग मानू नगा. महाराजास्नी फोन लावून सूट घ्या की. सांगा, माझा दोष न्हाय, चॅनलच गेलं.

राजमती : चातुर्मास संपला, महाराज विहारात हाईत. आज कुठल्या गावच्या वाटंवर असतील कुणाला ठाव? आन् नियम मी घेतलाय, चॅनलनं न्हाय घेतला.

भरमा : मग अजून एक हाय. पर तुम्हास्नी चालायचं न्हाय.

त्रिशला : काय ते सांगा तरी.

भरमा : हायवेला एक हॉटेल हाय. भिंतीएवढा टीव्ही. तेच्याकडं ॲप बिप समदं असतंय. पर तितं बाटल्या असत्यात, मटण असतंय...

राजमती : त्रिशला, माझी चप्पल दे.

त्रिशला : अव्वा?

राजमती : आत जात न्हाय मी. पदर तोंडाला लावून दारात उभी राहीन. तेवढं हेल्मेट काढताना बघीन आन् माघारी फिरीन. भगवान समजून घेईल. गाडी काढ रे भरमा.

भरमा : बसा, आदी इचारतो. हॅलो... मालक, मी भरमा. छत्रीवाला. न्हाय, वसुलीला न्हाय. तुमच्या टीव्हीवर जरा मोटारसायकलची शर्यत लावशीला काय? पाच मिनिटं... आवं, गावातल्याच एका आईला... बरं. बरं, ऱ्हाऊं दे.

राजमती : काय म्हणाला?

भरमा : आज मॅच हाय म्हणं, हॉटेल भरलंय. चॅनल बदललं तर गिऱ्हाईक टीव्ही फोडंल.

त्रिशला : तीन वाजले, अव्वा.

राजमती : सुटली असंल न्हवं?

त्रिशला : सुटली असेल.

राजमती : बरं. चप्पल ठेव जाग्यावर. मी बसते माळ घेऊन.

भरमा : आक्का, मी ह्या धंद्यात बारा गावच्या घरांवर छत्र्या बसवल्या. आजच्यागत कुठं हात टेकलं न्हाईत. मी जोतिबाकडं जाऊन बघतो. तेचं पोरगं असलं काय काय फुकट उघडतंय मोबाइलवर. मिळालं तर वाऱ्यागत येतो.

राजमती : सावकाश जा रे. गाडी हळू चालव.

(अंगणातलं ऊन तुळशीपल्याड सरकलं आहे. भरमा परतलेला नाही. मोबाइल वाजतो. त्रिशला स्पीकर लावते.)

त्रिशला : दादा! कुठं होतास? किती फोन केले!

अभिनंदन : झाली शर्यत. अव्वा हाय काय जवळ?

राजमती : हाय बाळा. हितंच हाय.

अभिनंदन : अव्वा, तू... बघितलीस काय आज शर्यत?

राजमती : न्हाय रे. चॅनलच गेलं. भरमानं लई धडपड केली.

अभिनंदन : बरं झालं. म्हणजे... असूं दे. फुडच्या बारीला करू काय तरी.

त्रिशला : दादा, व्हिडिओ लाव. अव्वा सकाळपासून तशीच आहे.

अभिनंदन : हितं रेंज न्हाय धड.

त्रिशला : आवाज तर स्वच्छ येतोय. मी लावते, तू नुसता उचल.

अभिनंदन : नको म्हणतोय न्हवं, त्रिशला!

राजमती : तिच्यावर ओरडू नको. कितवा आलास?

अभिनंदन : सहावा... सातवा असंन. बोर्ड बघितला न्हाय अजून.

राजमती : कितवा ते तुलाच ठाव न्हाय?

अभिनंदन : दमलोय, अव्वा.

त्रिशला : तुझ्यामागं कोण बोलतंय? एक्स-रे म्हणालं कोणीतरी.

अभिनंदन : बाजूच्या टीमचा एकजण पडला. तेचं चाललंय.

राजमती : तेच्या आईला कळवलं काय रे?

अभिनंदन : ...कळवतील.

राजमती : मोघम कळवू नका म्हणावं. बाळा, तू उभा हाईस न्हवं?

अभिनंदन : उभाच हाय, अव्वा.

राजमती : हेल्मेट काढलंस?

अभिनंदन : काढलं. कवाच काढलं. तू माझं सोड. दिवस मावळायला आला असंल तिकडं. तू जेवलीस काय?

राजमती : तू पाणीबिणी प्यालास काय?

अभिनंदन : अव्वा? जेवलीस न्हवं? तू उपाशी असलीस तर माझ्यानं हितं... खरं सांग.

राजमती : जेवले.

अभिनंदन : खरं?

राजमती : खरं. भाकरी खाल्ली, मुगाची आमटी खाल्ली. गोळीबी घेतली. तू पड जा. बोलू नको लई.

अभिनंदन : ठेवू?

राजमती : ठेव. अंगावर पांघरूण घे.

त्रिशला : अव्वा.

राजमती : फोन बाजूला ठेव. तेचा पुन्हा आला तर लगीच उचलायचा.

त्रिशला : तो पडलाय. तुला कळलंय ते.

राजमती : व्हय.

त्रिशला : मग काहीतरी विचारायचं तरी! कुठल्या दवाखान्यात, काय लागलंय...

राजमती : लपवायला तेला किती ताकद लागली असंल. अजून विचारलं असतं तर तीबी गेली असती.

त्रिशला : निदान गोळी घे. थोडं पाणी घे. अजून उजेड आहे, सूर्य पूर्ण गेला नाही; मावळल्यावर तुला चालायचं नाही.

राजमती : दिसला कुठं अजून तो?

त्रिशला : आप्पा आल्यावर काय सांगायचं?

राजमती : काय सांगू नको. दारातनं आत येताना माझं तोंड बघतात तेनी. तेवढ्यावर कळतंय तेंना.

त्रिशला : अव्वा, माझ्या समजत्या वयापासून तुला खोटं बोलताना ऐकलं नाही मी. आज तू जेवले म्हणालीस.

राजमती : तो जेवढं खोटं बोलला, तेवढंच मीबी बोलले गं.