तारा तिच्या आईकडं गेली

माझं माहेर पाटनकडचं, डोंगरातलं. लगीन झालं आन् मालकांच्या मागं कोपरखैरन्यात आले. ते माथाडी व्हते, एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गोन्या उचलायचे आन् मी तितंच लसून निवडायला बसायचे. पोरगा एकच, संदीप. हुशार निघाला, इंजिनेर झाला, कंपनीनं जर्मनीला धाडला आन् त्यानं तिकडचीच बायकू केली. युलिया तिचं नाव, मला काय ते जमंना, मी जुली म्हनायचे. मालक म्हनले, गोरी असंना का, पोराला जीव लावती ना, बास झालं. मग नात झाली, तारा.

मालक गेले, त्याच्या पुढल्या साली संदीप ताराला घेऊन आला. जुली कुठाय म्हनले, तर म्हनाला तिला रजा न्हाई, मागनं येनार हाय. काय सांगू ताई तुमाला, मी लई खुशीत. पोर माझ्याशेजारी बसून लसून सोलायची, चार दिसांत आजी आजी करून मराठी बोलाया लागली. पन संदीपनं तिचं हितल्या शाळंत नाव घातलं, सोता तुर्भ्याला नोकरी धरली, तवा माझ्या ध्यानात आलं, ह्यो काय माघारी जात न्हाई. पोर रोज इचारायची, मामा कधी येनार. त्यांच्यात आईला मामा म्हनत्यात. शेजारनीला वाटायचं मामाची आठवन काढती.

मग संदीपचे वकील आले घरी. त्यांनी सांगितलं, देशादेशांत एक करार हाय, आईबापातल्या एकानं लेकरू पळवून दुसऱ्या देशात नेलं तर ते पयल्या घरी माघारी धाडायचं, भांडान काय ते तितं करायचं. पन आपल्या देशानं त्यावर सही केली न्हाई. संदीप म्हनाला, म्हंजे टेन्शन न्हाई. मी चहा देत व्हते. तवा कळलं मला की पोर पळवून आनलीय.

एक दिस वॉचमनचा फोन आला, मावशी, एक फॉरेनर बाई खाली रडती, संदीप साहेबांनी वर सोडू नको म्हनलंय. संदीप कामावर. मी गॅस बंद केला आन् खाली गेले. जुली पार वाळली व्हती. तिची भाषा मला येत न्हाई, माझी तिला न्हाई, ती एवढंच म्हनाली, आई, तारा. मी तिचा हात धरून वर आनली. तारा दारात उभी, पाऊल टाकंना. हळूच काय तरी बोलली आन् जुली फरशीवरच बसली. मागनं कळलं, पोरीनं इचारलं व्हतं, तू माझ्यावर रागावलीस का.

सांजच्याला संदीप आला. मला म्हनाला, तू माझी आई हायेस का तिची. तुझीच, म्हनले.

जुलीनं हायकोर्टात केस घातली, लई महिने चालली. जज्जबाईंनी मला आत बोलावलं, म्हनल्या, आजी, पोर कुठं बरी ऱ्हाईल. मी म्हनले, माझ्यापाशी बरीच ऱ्हाईल बाईसायेब, पन आईपाशी जास्ती. पोरीला बी इचारलं त्यांनी. मग निकाल झाला, तिला आईसंगं माघारी धाडा म्हनून, बापानं सुट्टीत जाऊन भेटायचं. निघताना तारा म्हनाली, आजी तू पन चल. मी म्हनले येते हं, तू हो म्होरं. खोटं बोलले.

संदीप खारघरला वेगळा ऱ्हातो. माझी औषधं आनून वॉचमनपाशी ठेवतो, वर येत न्हाई. मी खिडकीतनं त्याची पाठ बघते. बाया म्हनत्यात, पोटच्या पोराइरुद्ध गेलीस. लेकराला हात लावता येत न्हाई म्हंजे काय, ते आता मला बी कळतंय.

जुली दर आयतवारी फोन लावती, तोंड दिसतं पोरीचं. दात पडलेत म्होरचे. पयलं लई बोलायची, आता मराठी सरत चाललीय, आजी म्हनती आन् म्होरचा शब्द तिला घावत न्हाई. मग आमी नुसत्या बघत बसतो. मोठी हो बाळा, औक्षवंत हो, म्हनते मी. ती मान हलवती. तिला कळत न्हाई ताई ते, पन मी म्हनायची ऱ्हात न्हाई.