चाळीस ओळींची चौकट

आई : ते काही नाही, आज मला कळेल असं सांगायचं. दोन वर्षं झाली. माझ्या लेकीला कॉम्प्युटरच्या त्या कर्नलच्या विभागातून उचलून माहितीपुस्तिका लिहायला बसवलं, आणि का, ते मला अजून कुणी धड सांगितलेलं नाही.

लेक : आई, जेवताना नको.

आई : मग कधी? एरवी तुम्ही बापलेक जे बोलता त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. अहो, सांगा. तीस वर्षं घासलीत तुम्ही त्या विभागात.

बाबा : एकतीस. पाणी दे आधी. ...बरं. प्रोसेसरकडे आठ पाट्या आहेत असं समज.

आई : लिहायच्या पाट्या?

बाबा : लिहायच्या. आम्ही त्यांना रजिस्टरच्या खिडक्या म्हणतो, तू पाट्या म्हण. एका कामातून दुसरं काम निघालं की पहिली पाटी पुसायची नाही, तशीच ठेवून दुसरी घ्यायची. त्यातून तिसरं निघालं की तिसरी.

आई : आणि आठही संपल्या की?

बाबा : सगळ्यात जुनी पाटी वहीत उतरवायची आणि पुसून पुढच्या कामाला द्यायची. मागे फिरताना वहीतलं परत पाटीवर. हे उतरवणं-चढवणं कर्नलकडे, म्हणजे सगळ्या कामांवर देखरेख करणाऱ्या मुख्य प्रोग्रामकडे. मध्ये आपली पाटी कुणी पुसली होती, याचा कामाला पत्ताही लागत नाही.

आई : ते तुम्ही लिहिलेलं. ऑफिसात चौकट करून लावलंय ते.

बाबा : चाळीस ओळी.

आई : मेल्या चाळीस ओळींचं केवढं कौतुक! मी इतकी वर्षं वाणसामानाच्या याद्या लिहिल्या, एक तरी चौकटीत लावलीत का?

लेक : आणि वही हाताशी नसेल तर, बाबा? तेही सांगा ना आईला.

बाबा : तर... कर्नल तो मजकूर एका चिठ्ठीवर लिहून आपल्या कप्प्यात ठेवतो. वही आली की तिच्यात उतरवतो.

लेक : कप्प्यात चिठ्ठ्या किती, तो आकडा त्याने सांभाळायचा. आणि हे चालू असताना खोलीचं दार बंद, कुणाला आत घ्यायचं नाही. हो ना?

बाबा : हो.

लेक : मग चिठ्ठी ठेवून झाल्यावर आधी काय? आकडा वाढवायचा, की दार उघडायचं?

बाबा : आकडा आधी. मग दार.

लेक : असं म्हणता?

बाबा : असंच आहे. दार आधी उघडलं तर आत येणारा जुनाच आकडा बघून त्याच जागी आपली चिठ्ठी ठेवील. पहिली गेली. मग ते काम मागे फिरलं की पाटीवर भलतंच दिसणार, आणि ते भलतीकडेच जाणार.

आई : म्हणजे तेव्हा तुमच्या ह्या कर्नलवर चालणारे शहराचे पाण्याचे पंप बंद पडले, ते हिने दार आधी उघडलं म्हणून?

लेक : माझा कप्प्याशी संबंधच नव्हता, आई. मी लिहिला तो निरोप पोचवायचा भाग. दारावर थाप मारून, उघडताच आत येणारा म्हण. तो काढून टाकला आणि पंप पडायचे थांबले. म्हणजे चूक माझी, असं चौकशीत ठरलं.

आई : आणि हे तुमच्या डोळ्यांदेखत ठरलं? अहो, गप्प काय बसलात?

बाबा : चुका होतात माणसाकडून.

आई : हे काय उत्तर झालं?

लेक : जाऊ दे ना. बाबांच्या निवृत्तीला तेव्हा दोन महिने होते. त्यांनी कुठे कुठे बघायचं?

बाबा : तुझी नवी पुस्तिका वाचली मी. छान लिहितेस.

लेक : थँक यू.

बाबा : पुढच्या रविवारी जरा लवकर ये. वरच्या खोलीतला पंखा कुरकुरतोय. दोघं मिळून उतरवू.

आई : पंखा धरायला मी काय मेलेय का?

बाबा : तिला येऊ दे.

*

घड्याळकाका : ...डावीकडून उचल जरा. हं. आता सरळ दिसते. उद्याच्या शोकसभेला ऑफिसात झकास दिसेल. जुनी चौकट पार पिवळी पडली होती बघ, काच तडकलेली. म्हटलं, माझ्या मित्राची आठवण म्हणून लावायची तर नवीकोरी लावू. किती दिवस झाले गं आज?

लेक : सोळा. बाबा रविवारी आमच्याबरोबर जेवले, सोमवारी सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता गेले.

घड्याळकाका : नाडीसुद्धा दुहेरी गाठ मारून बांधायचा. मी घड्याळाचा भाग लिहायचो, म्हणून सगळे मला घड्याळकाका म्हणतात. पण वेळेवर यायचा तो. एकतीस वर्षं शेजारचं टेबल! आणि पोरी, उद्या तू बोलायचंस हं. फार नाही, पाच मिनिटं. ह्या चाळीस ओळींवर बोल.

लेक : काका, ही नवी प्रत कुठून छापलीत?

घड्याळकाका : कुठून म्हणजे? काल सोर्समधून, मूळ प्रोग्राममधून काढली. ताजी. का गं, शाई पुसट आलीय का?

लेक : सत्तावीस आणि अठ्ठावीस उलट्या आहेत.

घड्याळकाका : काय?

लेक : जुन्या चौकटीत सत्ताविसाव्या ओळीत दार उघडतं आणि अठ्ठाविसाव्या ओळीत आकडा वाढतो. ह्या चौकटीत आकडा आधी, दार नंतर. हे कधी बदललं?

घड्याळकाका : ...छापताना काही मागेपुढे झालं असेल.

लेक : छापताना ओळी मागेपुढे होत नाहीत. तुमचं मशीन चालू आहे. माझा प्रवेश दोन वर्षांपूर्वी काढून घेतलाय, तुमचा आहे. बदलांचा इतिहास उघडा.

घड्याळकाका : आज कशाला? उद्या सभा आहे, आई येणार आहे तुझी—

लेक : काका. उघडा.

घड्याळकाका : ...हे बघ.

लेक : वाचा तुम्हीच.

घड्याळकाका : बदल करणारा, तुझा बाप. कारण, ‘टिपणं नीट केली.’

लेक : टिपणं! ओळी फिरवल्याचं नावच नाही. तारीख?

घड्याळकाका : तुझी बदली झाल्यावर एकोणीस दिवसांनी.

लेक : आणि तपासून मान्यता देणारा?

घड्याळकाका : बारीक अक्षर आहे गं.

लेक : तुमचं नाव वाचायला चष्मा लागतो का?

घड्याळकाका : मी. मी दिली मान्यता. अगं, तो माझ्यासमोर येऊन बसला. चेहरा असा, जसं घरात कुणी गेलंय. म्हणाला, मला दीड महिना दे, निवृत्त होतो आणि सांगतो सगळ्यांना. मग निवृत्तीचा समारंभ झाला. त्यात त्या जुन्या चौकटीचं कौतुक, टाळ्या. मग म्हणाला, पुढच्या महिन्यात. मग मीही विचारायचं सोडलं.

लेक : आणि माझा निरोपांचा भाग? तो काढलेलाच आहे ना?

घड्याळकाका : ...परत घातला. ओळी बदलल्यावर काही त्रास नव्हता. पावणेदोन वर्षं झाली, पंप एकदाही पडले नाहीत.

लेक : वा. माझा भाग कामावर रुजू, आणि मी पुस्तिका लिहितेय.

घड्याळकाका : तो रोज झुरत होता गं.

लेक : जेवायचे व्यवस्थित. त्या रविवारी मी आईसमोर विचारलं, आधी काय? म्हणाले, आकडा आधी, मग दार. मला वाटलं, जे लिहायचं मनात होतं तेच सांगतायत. लिहिताना हात चुकला ते त्यांना ठाऊक नाही. म्हटलं, बरं झालं. ठाऊक नसलेलंच बरं.

घड्याळकाका : म्हणजे? तुला माहीत होतं?

लेक : चौकशीच्या दुसऱ्या सकाळी दिसलं. सोर्समध्ये नाही, इथे, ह्या भिंतीवर. बाहेरच्या बाकावर बसवलं होतं मला आत बोलवेपर्यंत. दुसरं वाचायला काही नव्हतं.

घड्याळकाका : आणि आत जाऊन बोलली नाहीस?

लेक : दोन महिने राहिले होते त्यांचे. माझ्यापुढे वीस वर्षं होती. म्हटलं, मी सोसेन.

घड्याळकाका : अरे देवा. तुम्ही दोघं एका ताटलीत जेवून...

लेक : वेगळ्या ताटल्या होत्या, काका. जुनी चौकट कुठे ठेवलीत?

घड्याळकाका : खाली, अडगळीत. का?

लेक : घेऊन या. हिच्या शेजारी लावायची.

घड्याळकाका : अगं, उद्या सगळे येणार. कुणीतरी दोन्ही वाचून बघेल.

लेक : कर्नलच्या विभागात वाचता येणारी माणसं असावीत, अशी माझी अपेक्षा आहे.

घड्याळकाका : मेलेल्या माणसाची शोभा करणार तू?

लेक : मी उद्या बोलणार नाही. एक अक्षर नाही. दोन्ही चौकटी भिंतीवर असतील, एवढंच. आणि आईला मी घरी जाऊन सांगेन. तिने पाट्या समजून घेतल्यात, तिला उरलेलंही समजेल.

घड्याळकाका : ...आणतो. खिळा लागेल दुसरा.

(ते जातात. खोलीत ती आणि भिंतीवरची एक चौकट.)

लेक : बाबा, चूक तुमची होती. ...हे मी कधीच म्हटलं नाही. घरात नाही, चौकशीत नाही, तुम्हाला शेवटचं बघितलं तेव्हाही नाही. त्या रविवारनंतरच्या रविवारी मी लवकर आले होते. पंखा एकटीने उतरवला. काही कुरकुरत नव्हतं त्याचं. ...मी माझं नाव आपणहून देत होते, बाबा. चोरून कशाला घेतलंत?