मागच्या सीटवरचं वजन

—आणि मला शिकवू नकोस, जगन. पंचवीस वर्षं भोरच्या कोर्टात वकिली केली मी. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत तो काय थाप मारणार ते मला कळतं, मग स्प्रिंग म्हणजे काय ते कळणार नाही होय? तू आपला गाडीखाली पडून राहा आणि पाना फिरव. खालून ‘हूं’ म्हटलंस तरी पुष्कळ झालं. चहा? नको. तुमच्या या कापूरहोळचा चहा म्हणजे फडकं पिळलेलं पाणी. पुण्याकडनं येणार, साताऱ्याकडनं येणार, इथं टेकणार, चार भजी खाणार, पंक्चर काढणार आणि चालू लागणार — मुक्कामाला राहतं का कुणी इथं? गाव कसलं, तिठा आहे नुसता. आणि या तिठ्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये, केशवराव वकील सकाळी आठपासून स्टुलावर बसलेत — तेही तीनच पायांवर उभं, चौथा आखूड! ज्याला स्टूल धड ठेवता येत नाही त्याच्या हातात मी गाडी दिली. कोर्टात कळलं तर हसतील मला.

किती वाजले? साडेनऊ. साडेदहाला पुण्याची एसटी येते, तीत मालिनी आहे. माझी बायको रे — दुसरी कोण मालिनी असणार! चार महिन्यांनी येतेय. त्याच्या आत ही गाडी चारी चाकांवर उभी पाहिजे, आणि अशी पाहिजे, की भोरपर्यंत तिच्या पोटातलं पाणी हलता कामा नये. तिची तक्रार काय? ‘तुमच्या गाडीत बसलं की माझी कंबर मोडते.’ बस्स. एवढं एक वाक्य. म्हटलं ठीक आहे, तक्रार आहे ना, निवारण करू. मग भोरातल्या एका महाभागाकडं गेलो, तर त्यानं मागच्या चाकांवरच्या कमानीला आणखी एक लोखंडी पाटा वाढवला. का? तर ‘कमान बसलीया साहेब’. बसलेली उठवायला सांगितली, तर त्या गाढवानं मोटारीची बैलगाडी करून दिली! मग दुसरा. तो पहिल्याहून शहाणा — त्यानं पाटेच काढले. मऊ झाली गाडी, नाही कोण म्हणतं? इतकी मऊ की भोरच्या पुलावर सायलेन्सर रस्ता उकरत चालला. शेवटी मेव्हण्याच्या ओळखीनं मुंबईहून हे मागवलं. शॉकअपवरच चढवलेली स्प्रिंग, आत तेल, खाली खाचांची चकती, चकती वर फिरवली की गाडी उचलते, सोडली की बसते. विलायतेत शर्यतीच्या गाड्यांना असतं हे. आणि खोकं उघडून तू काय म्हणालास? ‘झ्याक हाय की!’ झ्याक! वर मलाच सांगतोस, कमान समदी काढता येणार न्हाई, तीन पाटे ठिवायला लागत्यात, न्हाईतर मागचा ॲक्सल कोण धरणार. मी तुला मूर्ख म्हटलं तेव्हा. मग घरी जाऊन कागदावर काढून बघितलं. बरोबर होतं तुझं. पण बरोबर असलं तरी सांगायची एक पद्धत असते, जगन.

आता हे काय? पोतं कशाला आणलंस? बरं, वजन टाकून चकती लावायची, कळलं, कळलं. दोघं बसणार. मी पुढं, चालवायला. ती मागं, डाव्या खिडकीशी. का म्हणजे? पहिल्यापासून मागंच बसते. पुढं बसलं की माझं सगळं बोलणं ऐकू येतं — म्हणजे मी म्हणतो, ऐकू येतं म्हणून तरी पुढं बसावं की नाही? पण नाही. वजन... असेल की बाईमाणसाचं असतं तेवढं. हे काय विचारणं झालं? एकतीस वर्षांच्या संसारात मी काही तिला तराजूत घातली नाही. तांदूळ आहे ना त्यात, पन्नास किलो? टाक मग ते अख्खं, आणि ते दुसरं अर्धं आहे तेही टाक वर. टाक म्हणतो ना. अरे — अरे, उचललंस का? अख्ख्यातलंही काढतोस? कुणाला बसवतोयस तू मागं, शाळेतल्या पोरीला? काय? ‘वैनी लई वाळल्यात’?

तुला कुठं दिसल्या वैनी?

नाही, घुसू नकोस परत गाडीखाली. बाहेर ये. बस समोर. गेल्या महिन्यात? इथं, कापूरहोळात? तुझ्या घरी? हे बघ, गेल्या महिन्यात ती भोरला आलेली नाही. आली असती तर मला कळलं नसतं का, घर माझं आहे. ती पुण्याला बहिणीकडं आहे, शुभाकडं, कंबरेचं औषधपाणी चाललंय — असं मी सगळ्यांना सांगतोय. म्हणजे आहेच तसं. आणि तू सांगतोस ती इथं उतरली, तुझ्या आईजवळ दोन तास बसली, आणि समोरची एसटी धरून परत पुण्याला गेली? भोरचा रस्ता इथनं, या इथनं फुटतो, जगन. पाऊण तासावर घर. किती वेळा? मान हलवू नकोस, आकडा सांग. तीन वेळा. तीन. बरं.

रतनबाईंकडं काय एवढं सोनं सांडलंय? भाजी घेऊन यायची तुझी आई आमच्या परसदारी, तेव्हापासूनची ओळख. चहा द्यायची मालिनी तिला. मी आपलं म्हटलं होतं, चहा दे, माझी काही ना नाही, पण कप वेगळा ठेव. तेव्हा रीतच तशी होती, मी काही जगावेगळं सांगितलं नाही. आता तुम्ही बौद्ध झालात, सरकारनं कायदे केले, कायदा मला तुझ्यापेक्षा जास्त कळतो. तर तो कप फुटला. ‘हातातून पडला,’ म्हणाली. मी दुसरा आणला. तोही पडला. जिच्या हातातनं एकतीस वर्षांत एक वाटी पडली नाही, तिच्या हातातनं कप तेवढे पडतात! मी तिसरा आणला नाही. हरलो म्हणून नव्हे — एवढ्यातेवढ्यावरनं वाद कोण घालणार. आणि आता तुझ्या घरी काय बोलतात दोघी? हसतात? मालिनी हसते? कशाला हसते?

जाऊ दे. तू चकती फिरव. पोतं कमी तर कमी. आता दाब मागनं, सोड. वर आली, थांबली. पुन्हा दाब. हं... हेलकावा नाही. वाईट नाही. मी म्हटलं, वाईट नाही. ‘छान’ म्हणालो नाही, दात काढू नकोस. आता खड्डे कितीही येऊ देत, तिला कळायचं नाही. आणि खड्डे मला तोंडपाठ आहेत. कापूरहोळ ते भोर, भोर ते भाटघर, कुठला उजवीकडनं टाळायचा, कुठल्याला अर्धं चाक मातीत उतरवायचं, डोळे बांधून काढीन मी गाडी. मग? मग काय? मग लागतात कसे? हे बघ, उलटतपासणी माझा धंदा आहे, तुझा नव्हे.

राग आला की लागतात.

आता असा बघू नकोस. माणसाला राग येतो. भाटघरला लग्न होतं, दिवाळीनंतरचं. पंगतीत मी काहीतरी सांगत होतो, चांगलं रंगलेलं होतं, तर ही वाढता वाढता म्हणाली, ‘ह्यांना घरीसुद्धा एक आरोपी लागतो हो.’ अख्खी पंगत हसली. माझ्यासमोर कोर्टात उभा राहायला जो थरथरतो तो कारकून हसला, जिलबी तोंडात धरून! मी तिथं काही बोललो नाही. गाडीत बसल्यावर बोललो. बोलून संपलं. मग हातात स्टिअरिंग होतं. त्या दिवशी मी एकही खड्डा चुकवला नाही, जगन. दिसत होते की सगळे. एकही नाही. आधीही चुकलेच नाहीत कधीकधी, पण त्या दिवशी मी शोधून शोधून घातली गाडी. मागनं हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, आता म्हणेल ‘हळू’, आता म्हणेल — एकदा म्हणाली असती तर थांबलो असतो. गाव लागल्यावर म्हणाली, ‘थांबवा.’ उतरली. कंबरेवर हात ठेवून चालत निघाली, आणि मी पहिल्या गिअरात तिच्या मागं मागं, हॉर्न वाजवत. दुकानांतनं लोक बाहेर आले बघायला. आठ दिवसांनी पुण्याला गेली.

तुला कशाला सांगतोय मी हे? तू कोण? पाना फिरवणारा. पण घरात सांगायला आहे कोण. सकाळी उठून मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो, ‘काल काय ठरलं होतं?’ असं विचारायला तोंड उघडतो आणि समोर बंद स्टोव्ह. भिंतीची किती उलटतपासणी घेणार? करमत नाही. खरं सांगायचं तर करमत नाही मला, तिच्यावाचून अजिबात करमत नाही. म्हणून हे मुंबईचं स्प्रिंगचं झंगट, म्हणून तुझ्या या शेडमध्ये ग्रीसचा वास घेत बसलोय. कार्ड आलंय तिचं. ‘गुरुवारी येते. शिवणाचं मशीन न्यायचं आहे.’ एवढंच. तर लोकांनी लगेच अर्थ काढले. मशीन नेलं म्हणजे बाई कायमची गेली, असं कुठल्या कलमात लिहिलंय? रिकामी बसून कंटाळली असेल, दोन पोलकी शिवावीशी वाटली असतील. ती इथनं गाडीत बसेल, तिला कळेल की आता धक्का म्हणून नाही, तक्रारच संपली, आणि तक्रार संपली की मशीन न्यायचं कारण काय उरतं? सांग, काय उरतं? युक्तिवादात कुठं भोक आहे का? कधी नव्हे ते विचारतोय, तर पाना पुसत बसलास.

ती आली बघ एसटी. वेळेवर आली, आज कसं काय कोण जाणे. तीच — निळं लुगडं, हातात पिशवी. खरंच वाळली की रे. पोतं काढ ते, पोतं काढ आधी. सीट पूस. कुठं निघाली ती, भोरच्या एसटीकडं का? गाडी दिसली तिला. दिसली, आणि मीही दिसलो, तरी चाललीच. जा, जगन. तू जा. मी नको, मी गेलो तर ती चढेल त्या एसटीत. सांग, गाडी नवीन केलीय, मागचं सगळं बदललंय. मी बदललंय म्हणू नकोस, तू बदललंस म्हण. आणि ‘वकीलसाहेबांनी सांगितलंय’ असं सुरुवातीलाच लावू नकोस. पळ.

...

बोल. हात पुसू नकोस, बोल. बसते म्हणाली? बसते! बघ, मी म्हटलं नव्हतं — काय? पुन्हा सांग. नेमके शब्द सांग, तुझे नकोत, तिचे. ‘जगन, तू नेणार असशील तर बसते.’ जगन. आणि मी? मी कुठं, हे तू विचारलंस? नाही विचारलंस. बरं केलंस. तू चांगलंच केलंस ते.

हात धू आधी, साबणानं धू. ही गाडीची किल्ली. क्लच वरच धरतो, हळू सोडायचा. ओढा ओलांडला की वळणावर जोडीनं दोन खड्डे आहेत, दुसरा पहिल्यामुळं दिसत नाही, तिथं पार डावीकडं घे, चाक मातीत गेलं तरी चालेल. नंतर वडांच्या रांगेत रस्त्याची कड तुटलीय, दुसऱ्या गिअरात ने. कुणी मागनं हॉर्न मारला तर मारू दे. तिच्याशी बोललंस तरी चालेल. ती बोलली तर ऐक. आणि ही घराची किल्ली. माजघरात खिडकीखाली आहे मशीन, ओतीव लोखंडाचा स्टँड आहे त्याचा, शेजारच्या माणसाला हाक मार, पण तिला हात लावू देऊ नकोस, वाकू देऊ नकोस तिला. दोन वाजता पुण्याची गाडी आहे इथनं, त्याच्या आत आण. थांब — येताना मशीनचं वजन वाढणार, चकती दोन खाचा वर घ्यायला लागेल. आत्ताच घेतोस का? पण मग जाताना हलक्या वजनावर कडक लागेल तिला. नको. आत्ता आहे तशी राहू दे. तिथं मशीन चढवलंस की घे, पाना बरोबर ने. आणि नीट मोजून घे, दोन खाचा.

मी? मी कुठं जातोय. आहे मी इथंच. माझ्याकडं काय बघतोस बावळटासारखा, तुझ्या वैनी उन्हात उभ्या आहेत. जा.